मायकेल डॅव्हिट : बहिष्काराचें शस्त्र आणि त्याची मर्यादा

बायकॉट हा शब्द १९०५ सालच्या वंगभंगाच्या चळवळींत मराठी वाचकांच्या तोंडीं बसला, आणि लोकमान्यांच्या चतुःसूत्रींत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण ह्यांच्या पंक्तीस बहिष्कारास मानाचें स्थान मिळालें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु हा शब्द आयर्लंडांतील ज्या शेतांत उगवला त्या शेताची मशागत कोणीं केली, आणि ज्यानें ती केली त्यानेंच आयुष्याच्या अखेरीस ह्या शस्त्राच्या एका वापराविरुद्ध स्वतःच्या धर्मबांधवांस उघड विरोध कां केला, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. मायकेल डॅव्हिट ह्यांच्या चरित्रांत तिचीं दोन्ही टोकें सांपडतात. बहिष्कार हें दुबळ्यांचें शस्त्र आहे, आणि तें दुबळ्यांवरच उगारणें हा अधर्म आहे, एवढीच गोष्ट त्या चरित्राच्या आधारें आम्हांस आज मांडावयाची आहे.

डॅव्हिट ह्यांचा जन्म २५ मार्च १८४६ रोजीं आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यांत स्ट्रेड नांवाच्या खेड्यांत झाला. आयर्लंडांतील जमीन त्या काळीं कांहीं हजार जमीनदारांच्या मालकीची होती. त्यांपैकीं पुष्कळजण इंग्लंडांत राहत व कारभाऱ्यांच्या मार्फत खंड वसूल करीत. कूळ थोड्या एकरांचा तुकडा कसून राही. पिकविलेलें धान्य आणि पाळलेलें डुक्कर खंड भागविण्याकरितां बाजारांत जाई, आणि घरांतील माणसें बटाट्यावर दिवस काढीत. कुळानें खडक फोडून रान लागवडीस आणलें, बांध घातले, झोपडी उभी केली, तरी त्या सुधारणेचा मोबदला त्यास मिळण्याची हमी नव्हती. उलट जमीन सुधारली एवढ्याच कारणावरून खंड वाढे. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडूं लागला आणि हा सारा डोलारा कोसळला. सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं, आणि जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. त्याहि वर्षांत आयर्लंडांतून धान्य व गुरें परदेशीं जात होतीं, कारण खंड रोख द्यावयाचा होता.

मायकेल साडेचार वर्षांचा असतां, १८५० सालीं, खंड थकल्यामुळें त्याच्या आईबापांस जमिनीवरून हुसकून देण्यांत आलें व त्यांचें घर उद्ध्वस्त करण्यांत आलें. कुटुंबानें प्रथम स्विनफर्ड येथील सरकारी दरिद्रगृहाची वाट धरली. तेथील नियम असा कीं, तीन वर्षांवरील मुलग्यांस आईपासून वेगळें ठेवावयाचें. आईनें तो नियम ऐकला आणि ती मुलांस घेऊन परत फिरली. पुढें समुद्र ओलांडून हें कुटुंब इंग्लंडांतील लँकाशायर परगण्यांत हॅसलिंगडन ह्या गिरणीच्या गांवीं जाऊन राहिलें.

ज्या लँकाशायरच्या कापडानें आमच्या विणकरांचे माग बंद पाडले तें कापड कोणाच्या हातांनीं निघत होतें, हें ह्या मुलाच्या हकीकतीवरून कळतें. नवव्या वर्षीं मायकेल कापसाच्या गिरणींत कामास लागला. ८ मे १८५७ रोजीं, म्हणजे मीरतेस शिपायांनीं उठाव केला त्याच्या दोन दिवस आधीं, बॅक्सेंडन येथील गिरणींत मोठ्या मुलानें सांभाळावयाच्या यंत्रावर त्यास उभें केलें असतां त्याचा उजवा हात दांत्यांच्या चाकांत सांपडला. दहा दिवसांनीं तो हात कापून टाकावा लागला. अकरा वर्षांच्या त्या मुलास नुकसानभरपाई म्हणून कांहींहि मिळालें नाहीं.

परंतु त्याच गांवांत जॉन डीन नांवाच्या एका गिरणीमालकास त्याची दया आली, व त्यानें त्यास वेस्लियन पंथाच्या शाळेंत घातलें. कॅथॉलिक घरांतील मुलगा प्रॉटेस्टंट शाळेंत शिकला, आणि परपंथीयांविषयींचा द्वेष त्याच्या मनांत कधीं शिरला नाहीं. पंधराव्या वर्षीं तो टपालकचेरी व तिला जोडलेला छापखाना ह्यांत कामास राहिला. रात्रीं तो कामगारांच्या शिक्षणसंस्थेंत जाऊन वाची. अर्नेस्ट जोन्स ह्या चार्टिस्ट पुढाऱ्याच्या विचारांचा त्याच्यावर परिणाम झाला, आणि जमीनदारीचा धिक्कार करणारे इंग्रजहि आहेत हें त्यास तेव्हांच उमजलें. शत्रु कोण, हें ओळखतांना जात, धर्म किंवा देश ह्यांकडे न पाहतां पद्धतीकडे पाहावें, हा धडा डॅव्हिट ह्यांस असा लहानपणींच मिळाला.

तरुणपणीं मात्र त्यांनीं दुसरा मार्ग धरला. १८६५ सालीं ते आयरिश क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेंत शिरले. १८६७ सालीं चेस्टरच्या किल्ल्यांतील शस्त्रें हस्तगत करण्याचा बेत फसला, त्यांत ते होते. पुढें इंग्लंडच्या उत्तर भागांत व स्कॉटलंडांत शस्त्रें जमविण्याचें काम त्यांजकडे आलें. १४ मे १८७० रोजीं लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनावर त्यांस पकडण्यांत आलें, व राजद्रोहाच्या आरोपावरून पंधरा वर्षें सक्तमजुरीची शिक्षा झाली. डार्टमूरच्या तुरुंगांत ह्या एकहाती कैद्यास हाडें फोडण्याचें काम दिलें जाई, आणि जनावराप्रमाणें गाडीस जुंपलें जाई. सात वर्षांहून अधिक काळ हें सोसल्यावर १९ डिसेंबर १८७७ रोजीं त्यांची सशर्त सुटका झाली.

तुरुंगानें माणूस मोडतो किंवा कडू होतो. डॅव्हिट विचार करून बाहेर आले. गुप्त मंडळीच्या बंदुकांनीं राष्ट्र जागें होत नाहीं. ज्यास रोज खंडाची धास्ती आहे त्या कुळास स्वातंत्र्य हा शब्द दूरचा वाटतो. तेव्हां राष्ट्राचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न ह्यांची गांठ घातल्यावांचून दोन्ही सुटावयाचे नाहींत, असें त्यांचें मत बनलें. १८७८ सालीं ते अमेरिकेंत गेले. दुष्काळानंतर तेथें जाऊन वसलेल्या लक्षावधि आयरिश लोकांपुढें त्यांनीं हा विचार मांडला, आणि जॉन डेव्हॉय प्रभृति निर्वासित क्रांतिकारकांशीं बोलणें करून उघड चळवळीस त्यांचें पाठबळ मिळविलें. इकडे १८७९ चा हंगाम बुडाला. अमेरिकेच्या स्वस्त धान्यानें भाव उतरले होते, खंड मात्र पूर्वीचाच होता. दुष्काळाची आठवण सर्वांस ताजी होती.

२० एप्रिल १८७९ रोजीं मेयोंतील आयरिशटाउन येथें कुळांची प्रचंड सभा भरली. तिची जुळवाजुळव करण्यांत डॅव्हिट प्रमुख होते, मात्र ते स्वतः सभेस हजर नव्हते. ज्या जमिनीच्या खंडावरून ही सभा भरली तिचा कारभार एका कॅथॉलिक धर्मगुरूच्या हातीं होता. कुळें कॅथॉलिक, कारभारी कॅथॉलिक, चळवळ करणारे कॅथॉलिक. तरी सभा भरलीच, आणि तिचा परिणाम होऊन खंडांत सूट मिळाली. ऑगस्टांत कॅसलबार येथें मेयो परगण्याची लँड लीग स्थापन झाली, व २१ ऑक्टोबर १८७९ रोजीं डब्लिन शहरांत सर्व आयर्लंडची लँड लीग जन्मास आली. तिचें अध्यक्षपद चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल ह्यांस देण्यांत आलें. हे स्वतः प्रॉटेस्टंट व जमीनदार. बेदखल झालेल्या कुळाचा मुलगा चिटणीस, आणि जमीनदार अध्यक्ष, अशी ही जोडी होती.

लीगची कार्यपद्धति वकिलास व व्यापाऱ्यास दोघांसहि मननीय वाटेल अशी होती. वाजवी खंड द्यावा, अवाजवी देऊं नये. कोणास जमिनीवरून काढलें तर त्याची जमीन दुसऱ्या कोणीं घेऊं नये. घेणाराशीं कोणीं व्यवहार ठेवूं नये. अंगावर हात मात्र टाकूं नये. खटल्यांचा खर्च लीगनें करावा व बेघर झालेल्यांस आसरा द्यावा. ह्यासाठीं पैसा पुष्कळसा अमेरिकेंतून आला. गांवोगांवच्या दुकानदारांनींहि ह्या कामीं पुढाकार घेतला, आणि त्यांत केवळ उदारपणा नव्हता. कुळाची उधारी दुकानदाराच्या वहींत होती. खंडांत सर्व पीक गेलें तर ती उधारी बुडणार, हें त्यास कळत होतें. शेतकरी जगला तर पेठ जगते, हा साधा हिशेब त्या दुकानदारांनीं केला.

१८८० च्या सप्टेंबरांत पार्नेल ह्यांनीं एनिस येथील भाषणांत दुसऱ्याची जमीन बळकावणाऱ्याशीं सर्व संबंध तोडण्याचा उपदेश केला. लवकरच त्याचा प्रयोग मेयोंतच घडून आला, पण तो जमीन घेणाऱ्या कुळावर न होतां जमीनदाराच्या कारभाऱ्यावर झाला. लॉर्ड अर्न ह्यांच्या इस्टेटीचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट ह्यानें खंडांत पुरेशी सूट न देतां कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या. तेव्हां त्याचे मजूर निघून गेले, लोहार घोड्यास नाल ठोकीना, परटीण कपडे धुईना, दुकानदार माल देईना. उभें पीक शेतांत राहिलें. अल्स्टरकडील पन्नासेक प्रॉटेस्टंट स्वयंसेवक कापणीस आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणासाठीं सुमारें एक हजार शिपाई व पोलीस उभे राहिले. कांहीं शें पौंडांचें पीक वांचविण्यास सुमारें दहा हजार पौंड खर्च झाला, आणि काम आटोपतांच बॉयकॉट ह्यास लष्करी गाडींत बसून देश सोडावा लागला. त्याच्या नांवाचें क्रियापद झालें. डॅव्हिट त्या वेळीं अमेरिकेंत लीगसाठीं फिरत होते. परंतु एका गांवाच्या निश्चयामागें उभी राहिलेली संघटना त्यांच्याच हातची होती.

ह्या विजयाचें मर्म नीट पाहिलें पाहिजे. बॉयकॉट ह्याच्या मागें कायदा, लष्कर, खजिना व जमीनदारवर्ग होता. कुळांच्या हातीं फक्त त्यांची मजुरी व त्यांचा शेजार होता. जें आपलें आहे तें त्यांनीं काढून घेतलें, दुसऱ्याचें हिसकावलें नाहीं.

सरकारनें एका हातानें दंड उगारला व दुसऱ्या हातानें दान दिलें. फेब्रुवारी १८८१ मध्यें डॅव्हिट ह्यांची सशर्त सुटका रद्द करून त्यांस पोर्टलंडच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. तेथें त्यांनीं एक काळा पक्षी पाळला होता, व त्यास उद्देशून व्याख्यानें दिल्याच्या रूपानें लिहिलेलें त्यांचें तुरुंगाविषयींचें पुस्तक १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. पुरुष पुढारी तुरुंगांत जाणार हें ओळखून त्यांनीं स्त्रियांची स्वतंत्र लीग काढण्याचा आग्रह धरला होता. पार्नेल ह्यांची बहीण ॲना हिच्या नेतृत्वाखालीं ती जानेवारी १८८१ मध्यें उभी राहिली, आणि तिनें बेघर कुटुंबांस निवारा देण्याचें काम धडाडीनें चालविलें. पुढें पार्नेल ह्यांनींच पैसा तोडून ती बंद पाडली. बायकांनीं सार्वजनिक कामांत पडावें ह्यास त्या वेळीं अनेक धर्मगुरूंचा व सहकाऱ्यांचा विरोध होता. डॅव्हिट ह्यांचा नव्हता.

१८८१ चा जमिनीचा कायदा हें सरकारचें दान. खंड ठरविण्यासाठीं न्यायमंडळ, खंड देणाऱ्या कुळास जमिनीवर स्थैर्य, आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक, अशीं तीन तत्त्वें ह्या कायद्यानें मान्य केलीं. करार हा दोन समानांमधील व्यवहार असतो हें कायद्याचें जुनें गृहीत जमीनदार व कूळ ह्यांच्यामध्यें खोटें आहे, असें ब्रिटिश पार्लमेंटास प्रथमच उघडपणें कबूल करावें लागलें. कायद्याचा अभ्यास करणारांनीं ही गोष्ट विसरूं नये.

६ मे १८८२ रोजीं डॅव्हिट सुटले, आणि त्याच सायंकाळीं डब्लिनच्या फीनिक्स पार्कांत नवा मुख्य चिटणीस लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश व त्याचा दुय्यम बर्क ह्यांचा सुऱ्यांनीं खून झाला. डॅव्हिट, पार्नेल व डिलन ह्यांनीं ताबडतोब जाहीर पत्रक काढून ह्या कृत्याचा निषेध केला. जुना क्रांतिकारक आपल्या जुन्या सोबत्यांचा रोष पत्करून हें करीत होता.

पुढें पार्नेल ह्यांच्याशीं त्यांचें जमलें नाहीं. पार्नेल ह्यांस कुळें जमिनीचीं मालक व्हावीं असें वाटे. डॅव्हिट म्हणत कीं, जमीन सर्व राष्ट्राची असावी, नाहींतर एका जमीनदाराच्या जागीं शंभर लहान जमीनदार होतील आणि भूमिहीन मजूर जेथल्या तेथेंच राहील. हें मत लोकांस रुचलें नाहीं आणि डॅव्हिट एकटे पडले. पण १८८८–८९ सालीं टाइम्स पत्राच्या आरोपांची चौकशी करण्यास तीन न्यायाधीशांचें कमिशन बसलें, तेव्हां ते चळवळीच्या पाठीशीं उभे राहिले. पार्नेल ह्यांच्या नांवावर खपविलेलीं पत्रें बनावट ठरलीं व तीं बनविणाऱ्या पिगट ह्यानें परदेशीं पळून आत्महत्या केली. डॅव्हिट ह्यांनीं वकील न देतां स्वतःची बाजू पांच दिवस स्वतः मांडली. गिरणींतल्या मुलानें इंग्लंडच्या न्यायाधीशांपुढें जमीनदारीचा सबंध इतिहास मांडला.

पैसा त्यांच्याजवळ कधीं टिकला नाहीं. १८९२ सालच्या निवडणुकीवर अर्ज होऊन ती रद्द झाली. तिच्या खर्चापायीं ते दिवाळखोर ठरले, व त्यामुळें पुढच्या वर्षीं मिळालेली जागाहि सोडावी लागली. १८९५ पासून ते दक्षिण मेयोचे प्रतिनिधि म्हणून पार्लमेंटांत बसले. ऑक्टोबर १८९९ मध्यें बोअर लोकांवरील युद्धाचा निषेध म्हणून त्यांनीं तें आसन सोडलें. दुसऱ्या राष्ट्राचें स्वातंत्र्य बुडत असतां आपल्या राष्ट्राचें मागत बसणें त्यांस जमलें नाहीं. हिंदुस्थानासंबंधानें त्यांची दृष्टि अशीच होती. दादाभाई नौरोजी ह्यांस आयर्लंडच्या मतदारसंघांतून पार्लमेंटांत धाडावें अशी सूचना त्यांनीं पार्नेल ह्यांजकडे केली होती. ती तडीस गेली नाहीं. मात्र १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आल्फ्रेड वेब हे आयरिश सभासद आले.

आतां चरित्राचें दुसरें टोक. १९०३ च्या एप्रिलांत रशियांतील किशिनेव्ह शहरीं ज्यूंची कत्तल झाली. डॅव्हिट ह्यांनीं अमेरिकन वर्तमानपत्राचे बातमीदार म्हणून तेथें जाऊन चौकशी केली, आणि त्यावर त्याच वर्षीं पुस्तक लिहिलें. ते परत येऊन वर्ष लोटलें नाहीं तोंच, जानेवारी १९०४ मध्यें, आयर्लंडांतील लिमरिक शहरांत क्रेग नांवाच्या कॅथॉलिक धर्मगुरूनें ज्यूंवर रक्तपाताचे जुनेच खोटे आरोप केले, व त्यांच्याशीं व्यवहार बंद करण्याचा उपदेश दिला. शहरांत ज्यू होते जेमतेम दीडदोनशें. त्यांतील बरेचजण फिरते विक्रेते असून कापड वगैरे माल आठवड्याच्या हप्त्यानें देत. शहरांतील कांहीं दुकानदारांस ही स्पर्धा खुपत होती. धर्माच्या आरोळींत त्यांचाहि स्वार्थ साधला. माल घेणें थांबलें, थकलेले हप्ते कोणी देईना, रस्त्यांत शिव्या व दगड सुरू झाले. कांहीं कुटुंबें शहर सोडून गेलीं.

ह्या प्रकारास लोकांनीं जें नांव दिलें तें बॉयकॉटचेंच. डॅव्हिट ह्यांनीं लगेच फ्रीमन्स जर्नल पत्रांत पत्र लिहून आयरिश ह्या नात्यानें आणि कॅथॉलिक ह्या नात्यानें त्याचा निषेध केला. एका लोकप्रिय धर्मगुरूच्या विरुद्ध, आपल्याच धर्माच्या माणसांविरुद्ध, त्यांनीं तोंड उघडलें. त्यांस ह्यांत विसंगति वाटली नाहीं, आणि ती नव्हतीच. मेयोच्या कुळांनीं वाळीत टाकलेल्या माणसाच्या रक्षणास हजार शिपाई आले. लिमरिकच्या फेरीवाल्यांस असें पाठबळ कोठचें? बॉयकॉट ह्यास त्याच्या कृत्याबद्दल शासन झालें, आणि तें कृत्य सोडतांच तें संपण्यासारखें होतें. लिमरिकच्या ज्यूंस त्यांच्या जन्माबद्दल शासन झालें, व जन्म कोणास सोडतां येत नाहीं.

३० मे १९०६ रोजीं डब्लिन येथें, दांत काढल्यानंतर रक्तांत विष भिनून, वयाच्या साठाव्या वर्षीं डॅव्हिट वारले. मोठी अंत्ययात्रा त्यांस नको होती; तरी शवपेटीच्या दर्शनास हजारों लोक लोटले. ज्या स्ट्रेडमधून त्यांस चार वर्षांचें असतांना हुसकलें होतें तेथेंच त्यांस पुरण्यांत आलें. १९०३ च्या कायद्यानें सरकारी कर्जावर कुळांनीं जमिनी विकत घेण्यास मोठ्या प्रमाणावर आरंभ झालाच होता. जमीनदारांस किंमत फार दिली गेली अशी डॅव्हिट ह्यांची तक्रार होती. पण पुढील थोड्या वर्षांत आयर्लंडांतील बहुतेक जमीन कसणाऱ्यांच्या हातीं आली.

आम्ही मराठी लोकांनीं हें चरित्र वाचावें तें नुसतें कौतुक करण्यास नव्हे. बायकॉट शब्द येथें येण्यापूर्वींच आमच्या गांवांत वाळीत टाकणें होतें. शिरूर तालुक्यांतील करडे गांवच्या शेतकऱ्यांनीं १८७४ सालीं सावकारांवर असाच बहिष्कार घातला होता, व तो बॉयकॉटच्या प्रसंगाहून जुना आहे. परंतु करड्याचा प्रसंग अपवाद. एरवीं आमच्याकडे वाळीत पडली ती पुनर्विवाह केलेली विधवा, जातीबाहेर लग्न केलेलें जोडपें, पाणवठ्यावर हक्क मागणारा अस्पृश्य. पंचांच्या हातचें हें शस्त्र बहुधा खालींच पडत आलें. २०१६ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळास सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा कायदा करावा लागला, ह्यावरून ही खोड किती खोल आहे तें दिसतें.

कायद्याचें काम कायदा करील. पण बहिष्कार घालणारा हात नेहमीं पंचांचा नसतो. माल नाकारणारा दुकानदार, दळण नाकारणारा गिरणीवाला, किल्ली नाकारणारा घरमालक, हे त्याचे खरे हात. मेयोंत दुकानदारानें माल नाकारला तो सत्तेस, आणि लिमरिकमध्यें गिऱ्हाइकानें पाठ फिरविली ती गरीब शेजाऱ्यास. पुढच्या खेपेस आपल्या पेठेंत कोणाशीं व्यवहार तोडण्याचा हुकूम आला, तर व्यापाऱ्यांनीं दोन प्रश्न विचारावे : ह्याचें बळ आपल्याहून अधिक आहे कीं कमी, आणि ह्यास शिक्षा कृत्याची आहे कीं जन्माची? उत्तर मिळाल्यावर तराजू उचलावा किंवा खालीं ठेवावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.